ट्रकमध्ये न मावणारी भट्टी

तुम्ही फोडलंत हे पान. तुम्हीच — लांब कुठल्यातरी ऑफिसात बसून आमच्या बदल्यांवर सह्या ठोकणारे, ज्यांचं तोंडही मी कधी पाहिलं नाही असे तुम्ही.

प्रज्ञाच्या तळहातावर हिरव्या काचेचं पिंपळपान होतं, बोटाएवढं जाड, आणि देठापासून टोकापर्यंत तडकलेलं. खरं तर पत्र्याच्या छोट्या भट्टीचं झाकण तिनंच उघडलं होतं. काल निलय रेल्वेच्या ऑफिसातून आला, बूट काढता काढता म्हणाला, "या वेळी आपलं नाव आहे म्हणतात," आणि काच सावकाश निवू द्यावी, घाई केली की ती आतून फाटते, हे येता-जाता घोकणाऱ्या प्रज्ञानं ते पान गरम असतानाच बाहेर काढून वर्तमानपत्रात गुंडाळायला घेतलं. कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. बदलीची कुणकुण लागली की या घरातले हात आपोआप सुतळी शोधायला लागतात... कागदाच्या आतूनच टिण् असा आवाज आला.

"दुसरी छोटीच भट्टी घे ना, जरा बरी बघून," निलय चहाचा कप घेऊन दारात उभा होता. "मतलब, चाकांवाली. ट्रकमध्ये जाईल."

ट्रकमध्ये जाईल. लग्न झाल्यापासून हेच. पलंग घेतला तो घडीचा. कपाट घेतलं ते नटबोल्टचं. भिंतीत खिळा ठोकायचा नाही, उद्या उपटावा लागेल. आणि ते लिंबाचं झाड — तेलाच्या डब्यातच म्हातारं झालं, भुसावळहून कोटा, कोट्याहून जयपूर, एक लिंबू न धरता — आणि आम्ही त्यालाच नतद्रष्ट म्हणत राहिलो! जमीन कधी दाखवली त्याला? मला तरी कुणी दाखवली...

घाई मी केली, कबूल. पण त्या पत्र्याच्या डबड्यालाही घाईच. भर्रकन तापतं, भर्रकन निवतं. पातळ काचेला चालतं ते. जाड पानाला विटांची भट्टी लागते. विटा धग धरून बसतात, हळूहळू सोडतात, काचेला दम खाऊ देतात. फक्त त्या भट्टीला पाया घालावा लागतो. मग ती जागची हलत नाही.

फाटकाशी विटांचा टेम्पो येऊन थांबला होता. मागची शेड वापरायला घरमालकिणीची परवानगी होती, आणि विटा सांगून ठेवल्या होत्या त्या कालच्या बातमीच्या आधी. टेम्पोवाल्या पवननं खिडकीतून मान काढली. "मैडमजी, उतारूँ या गाड़ी घुमा लूँ? पीछेवाले गालियाँ दे रहे हैं, पूरा दुर्गापुरा सुन रहा है!"

"अगं, ऑर्डर आली तर?" निलय हलक्या आवाजात म्हणाला. "विटा उपटून नेणार का?"

"नाही."

"मग?"

"तू जा."

शब्द बाहेर पडल्यावर तिला ते ऐकू आले. निलय हसला, मग हसू अर्धवट राहिलं. "विटांसाठी?"

तडकलेलं पान तिनं मुठीत धरलं, काच टोचेपर्यंत, आणि फाटकाकडे बघून ओरडली, "उतारो, भैया! शेड के अंदर!"

पहिली वीट जमिनीवर टेकली. हलका, कोरडा आवाज. भीती होतीच, पण तिचे हात आता सुतळी शोधत नव्हते. ती पाय रोवून उभी होती. निलयनं कप ओट्यावर ठेवला आणि तिच्याकडे पाहत राहिला.

"ही भट्टी आधी बांधून होईल," ती म्हणाली, निलयला, की त्या न पाहिलेल्या तोंडाला, तिचं तिलाच कळलं नाही, "मग तापेल, मग निवेल. तिच्या वेळेनं. तोवर थांबणार आहात की नाही? गप्प बसू नका. सांगा."