स्पृहाकडे बॉल येत नाही

स्पृहाच्या शाळेच्या मुलींच्या फुटबॉल टीमने त्या मोसमात बारा सामन्यांत चौऱ्याण्णव गोल केले आणि एक खाल्ला. तोही समोरच्यांनी मारलेला नव्हता. मागे खेळणाऱ्या अंजूच्या गुडघ्याला लागून तो आपल्याच जाळ्यात गेला होता, आणि त्यापायी अंजू दोन दिवस नीट जेवली नव्हती. एरवी ही टीम समोरच्या मुलींना त्यांच्याच अर्ध्या मैदानात कोंडून ठेवायची. मध्यंतरापर्यंत पाच-सहा गोल झाले की कोच वॉरन आपल्या मुलींना सांगायचा, आता जरा सावकाश घ्या. मुलींना बाकी सगळं जमायचं, सावकाश जमायचं नाही.

या टीमची गोलकीपर म्हणजे दत्तप्रसादची मुलगी स्पृहा. वय पंधरा, उंची बापापेक्षा दोन बोटं जास्त. शनिवारी सकाळी ती हातमोजे चढवून गोलमध्ये उभी राहायची आणि तासाभराने हातमोजे काढून बाहेर यायची. हातमोजे जसे जायचे तसे परत यायचे. मंजिरी ते धुवायलासुद्धा टाकत नसे.

दत्तप्रसाद शिकायला म्हणून वॉलॉंगॉंगला आला, नोकरी लागली म्हणून सिडनीत राहिला आणि चार बेडरूम मिळाल्या म्हणून स्कोफिल्ड्सला स्थिरावला. पेशाने सॉफ्टवेअर टेस्टर. मोसमाच्या सुरुवातीला पालकसभेत कुणीतरी म्हणालं होतं की पुढे निवडीला फुटेज लागतं. तो शब्द दत्तप्रसादने फार मनावर घेतला. त्याने ट्रायपॉड आणला आणि तो बरोबर गोलच्या मागे लावला, कारण मुलगी गोलमध्ये. मध्यंतरानंतर टीमची बाजू बदलली की हाही ट्रायपॉड खांद्यावर टाकून वरातीसारखा पलीकडे. अशा रीतीने त्याच्याकडे बारा तासांचं चित्रण जमलं. त्यात जवळ स्पृहाची पाठ होती आणि लांबवर, मुंग्यांनी साखर न्यावी तसे, चौऱ्याण्णव गोल होते.

जूनअखेर कोरोनाने सिडनी बंद झालं. शाळा लॅपटॉपवर आली, ऑफिस डायनिंग टेबलावर आलं आणि मंजिरी तेवढी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये जात राहिली. ऑगस्टच्या शेवटी ईमेल आली. राज्याच्या सोळा वर्षांखालच्या मुलींच्या कॅम्पसाठी मैदानावरची ट्रायल रद्द, निवड व्हिडिओवरून. गोलकीपरच्या जागा दोन. व्हिडिओ चार मिनिटांचा, त्यात 'गोलकीपरचं काम दाखवणारे किमान आठ प्रसंग'. शेवटची वेळ शुक्रवार संध्याकाळी पाच.

"बाबा, नेक्स्ट इयर आय एम टू ओल्ड," स्पृहा म्हणाली. तिने हट्ट केला नाही, पाय आपटले नाहीत. दोन वर्षं ही मुलगी पहाटे उठून गॅरेजच्या भिंतीवर बॉल मारत होती. भिंतीचा रंग गेला होता. दत्तप्रसाद म्हणाला, "डोंट वरी. फुटेज आहे."

रविवारी दुपारी तो फुटेज घेऊन बसला. स्वतःचाच आवाज नको म्हणून त्याने म्यूट केलं आणि चहा घेतला. पहिल्या सामन्यात स्पृहाने केस बांधले. दुसऱ्यात पुन्हा बांधले. तिसऱ्यात एका कुत्र्याने मैदानात घुसून बॉल थेट तिच्यापर्यंत आणला. तिने तो सुरेख अडवला. पाचव्यात एक खराखुरा फटका आला, पण तो तिच्या छातीवर असा आपटला की तिला बाजूला व्हायची इच्छा असती तरी वेळ मिळाला नसता. नवव्यात अंजूने मागे दिलेला पास तिने पायाने थांबवला. बारा तासांत जमेस एवढंच. कुत्रा धरला तर तीन.

तेवढ्यात वीणाचा फोन. वीणा त्याची युनिव्हर्सिटीच्या दिवसांतली मैत्रीण. तिची मिताली स्पृहाच्याच वयाची, दुसऱ्या शाळेची गोलकीपर. त्या शाळेची टीम दर शनिवारी हरायची, मन लावून हरायची.

"दत्ता, मितालीचा व्हिडिओ बघितलास? ग्रुपवर टाकलाय."

"बघितला." मिताली हवेत उडत होती, मागे ढोल वाजत होते.

"चार मिनिटांत बसवताना जीव गेला रे. बासष्ट सेव्ह! कुठला ठेवू, कुठला काढू? तुमचं बरं आहे, तुम्हाला निवडायचा त्रास नाही."

"वीणा, तुमच्या टीमने गोल किती खाल्ले?"

"एकाहत्तर. पण ते व्हिडिओत थोडेच घालायचे असतात?"

दत्तप्रसादने फोन ठेवला आणि कोच वॉरनला लावला. वॉरन गार्डनमध्ये काहीतरी कापत होता.

"एक गोल, मेट! अख्ख्या सीझनमध्ये एक! आणखी काय पाहिजे त्यांना?"

"आठ प्रसंग पाहिजेत, वॉरन."

"मग लिही ना, बॉल आलाच नाही म्हणून."

"चार मिनिटं?"

"नो वरीज," वॉरन म्हणाला आणि मशीन पुन्हा सुरू झालं.

सोमवारी दत्तप्रसादने ठरवलं की नसेल तर तयार करू. त्या दिवसांत त्यांच्या भागात बाहेर पडायला दिवसातून एकच तास मिळायचा, तोही व्यायामाला. तिघं पार्कमध्ये गेली. स्पृहा दोन झाडांमध्ये उभी राहिली, मोबाइल बाकावर टेकवला, आणि दत्तप्रसाद लांबून धावत आला. शाळेत असताना आपण फुटबॉल खेळायचो असं त्याने घरी बऱ्याचदा सांगितलं होतं. बॉल स्पृहाच्या उजवीकडून वीस फुटांवरून गेला आणि पिवळी पट्टी लावून बंद केलेल्या झोपाळ्यांत जाऊन बसला.

गस्तीवरचा पोलीस थांबला. "एक्सरसाइज चाललाय ना?"

"येस, येस," दत्तप्रसाद धापा टाकत म्हणाला.

पोलिसाने आणखी दोन किक पाहिल्या. "शुअर?" त्याने विचारलं, आणि मान हलवत पुढे गेला.

शेवटी मंजिरी उठली. नाइट शिफ्ट करून आलेली, पायात चपला. तिने मारलेला बॉल सरळ झाडांच्या मधून आत. स्पृहा हसत होती म्हणून अडवला गेला नाही, असं नंतर सांगण्यात आलं.

बुधवारी दत्तप्रसादने इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेली विद्या बाहेर काढली. तिथे एका प्रयोगाच्या रीडिंगवरून चौघांची जर्नलं पूर्ण व्हायची. त्याने तीन सेव्ह घेतले, एकेक उलटा करून आरशातल्यासारखा फिरवला. तिनाचे सहा झाले. दोन स्लो मोशनमध्ये घातले. आठ. वर म्युझिक. त्याने अभिमानाने स्पृहाला बोलावलं.

ती बघत राहिली. "बाबा, माझ्या जर्सीवर शाळेचं नाव उलटं का आहे?"

"इतकं बारकाईने कोण बघतंय?"

"सिलेक्टर्स. दॅट्स देअर जॉब. अँड दॅट्स चीटिंग."

"चीटिंग काय? प्रेझेंटेशन म्हणतात याला!"

"कुत्रा दोनदा आलाय, बाबा. एकदा लेफ्टने, एकदा राइटने."

दत्तप्रसादचा संयम सुटला. "मग काय करू मी? बारा तास बघितलं! डोळे गेले माझे! तू काही केलंच नाहीस तर मी दाखवू काय? जरा एखादा गोल खायला येऊ द्यायचा होता, निदान अडवताना तरी दिसली असतीस!"

 स्पृहाने लॅपटॉप आपल्याकडे ओढला, मूळ फाइल उघडली आणि विचारलं, "व्हाय इज इट म्यूट?"

"आवाजात काय आहे ऐकण्यासारखं?"

तिने आवाज सुरू केला. अकरावा सामना, उत्तरार्ध. त्या मोसमात एकच टीम जरा बरी होती, ती समोर होती. लांब मैदानाच्या मध्यावर कुणीतरी पिवळी जर्सी बॉल घेऊन निघाली. आणि जवळून स्पृहाचा आवाज आला, घरात कधी न ऐकलेला, कुकरच्या शिट्टीसारखा. "अंजू, लेफ्ट शोल्डर! नॉट यट... नॉट यट... नाउ! स्टेप!" अंजू पुढे सरकली, पास तिच्या पायात आला, हल्ला संपला. दत्तप्रसादने मागे घेऊन पुन्हा लावलं. अंजूने त्या पिवळ्या मुलीकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. पाहणारी मागे उभी होती, केस बांधत.

मग पुढचा हल्ला, आणि त्याच्या पुढचा. प्रत्येक वेळी आवाज आधी आणि पाय नंतर. एकदा तर स्पृहाने तिघींना अशा जागा बदलायला लावल्या की समोरच्या मुलीने बॉल घेऊन इकडेतिकडे पाहिलं आणि वैतागून आपणच बाहेर मारला. दत्तप्रसादने वही ओढली. सवयीने तो रकाने आखू लागला: काय ओरडली, कोण हललं, काय टळलं. चार मिनिटांत अकरा ओळी झाल्या. बॉल स्पृहाकडे येत नव्हता, कारण ती त्याला येऊ देत नव्हती. सिस्टिम तर नीट चालतेय, मग तू दिवसभर करतोस काय, असं चौदा वर्षं प्रत्येक मॅनेजरने दत्तप्रसादला विचारलं होतं, आणि चौदा वर्षं घरी येऊन त्याने त्या मॅनेजरांच्या अकलेबद्दल मंजिरीला व्याख्यानं दिली होती. हे त्याला आत्ता आठवायचं काही कारण नव्हतं. तरी आठवलं.

तेवढ्यात लॅपटॉपमधून दुसरा आवाज आला, जाडा, निवांत. शनिवारी त्याच्याशेजारी उभा राहणारा विवेक म्हणत होता, "काय रे, पोरगी झकास उभी राहते हां तुझी!"

"उभीच राहते," लॅपटॉपमधला दत्तप्रसाद म्हणाला. "दहा जणी मरमर धावतात आणि ही मेडल घेऊन येते. गोलमध्ये आमचा लाल झाकणाचा कचऱ्याचा डबा ठेवला तरी जिंकतील या. बरं ते सोड, सोलर पॅनल तू उत्तरेलाच लाव."

दत्तप्रसादने घाईघाईने व्हिडिओ थांबवला.

"तुला... ऐकू यायचं?" त्याने विचारलं.

"यू वेअर टू मीटर्स बिहाइंड मी, बाबा. एव्हरी सॅटर्डे."

"मग बोलली का नाहीस?"

"आय वॉज वर्किंग," स्पृहा म्हणाली.

 दत्तप्रसाद उठला, पाणी प्यायला, परत बसला. म्हणाला, "हेच पाठवायचं. हीच चार मिनिटं. आठ नाही, अकरा आहेत." मग घसा साफ करून म्हणाला, "फक्त ते... मधलं कापू."

"नो. तिथे माझा बेस्ट कॉल आहे. सिक्स्थ."

तो बेस्ट होता खरा. कचऱ्याचा डबा आणि तिची सर्वांत अवघड हाक एकाच सेकंदाला पडली होती. आवाज वेगळे करणारं एक सॉफ्टवेअर दत्तप्रसादने उतरवून घेतलं. त्या सॉफ्टवेअरने स्पृहा काढून टाकली आणि सोलर पॅनल ठेवले.

शुक्रवारी दुपारी ईमेलच्या तळाशी बारीक अक्षरात आणखी एक ओळ निघाली. व्हिडिओत बोलणं असल्यास सर्व बोलण्याचे इंग्रजी कॅप्शन द्यावेत.

"सर्व म्हणजे खेळाडूंचं," दत्तप्रसाद म्हणाला.

"सर्व म्हणजे सर्व," मंजिरी सोफ्यावरून म्हणाली. ती झोपली आहे असा त्याचा समज होता.

त्याने आपल्या वाक्याच्या जागी 'प्रेक्षकांचा गोंगाट' असं इंग्रजीत टाइप केलं.

"दॅट्स नॉट अ क्राउड," स्पृहा म्हणाली. "दॅट्स यू."

"अगं, त्यांना मराठी कुठे कळतंय? कोण विचारतंय?"

"लिही," मंजिरी म्हणाली. "बोलताना जड गेलं नव्हतं ना? मग लिहायला काय झालं?"

त्याने लिहिलं. वडील: ती नुसती उभी राहते. वडील: तिच्याऐवजी कचऱ्याचा डबा चालेल. डब्याच्या झाकणाचा रंग गाळला होता, तो स्पृहाने घालायला लावला. सोलर पॅनलची दिशाही घातली, कारण सर्व म्हणजे सर्व. हे टाइप करायला वीस मिनिटं लागली, कारण प्रत्येक शब्दाला तो थांबत होता. पाचला दहा कमी असताना स्पृहाने बटण दाबलं आणि आपल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

तीन आठवड्यांनी गुरुवारी उत्तर आलं. पहिलं नाव मितालीचं. वीणाचा फोन ईमेलच्याही आधी आला होता, त्यामुळे ते कळलेलंच होतं. तिघंही एका स्क्रीनवर वाकली. दुसरं नाव स्पृहाचं.

मंजिरीने तिला जवळ ओढलं. स्पृहा बापाच्या खांद्यावरून पुढचं वाचत होती. निवड समितीने लिहिलं होतं की खेळ इतका नीट वाचणारी आणि इतकं स्पष्ट बोलणारी गोलकीपर या वयात क्वचित मिळते, आणि एवढ्या व्यत्ययात ती एकाग्र कशी राहते याचं सर्वांना विशेष कौतुक वाटलं. कॅम्प निर्बंध उठल्यावर. सोबत काय आणायचं याची यादी होती. यादीखाली, फक्त याच खेळाडूसाठी, एक सूचना होती: वडिलांनी कृपया गोलपासून किमान पन्नास मीटर लांब उभं राहावं.

स्पृहाने ती ओळ मोठ्याने वाचली. मग आईसाठी मराठीत वाचली.

"पन्नास मीटर म्हणजे नेमके कुठून?" दत्तप्रसाद वैतागून म्हणाला. "गोललाइनपासून की पोस्टपासून? हे लोक काही धड लिहीत नाहीत."

"फ्रॉम मी, बाबा," स्पृहा म्हणाली.