दवबिंदूचा पत्ता

"हे आमच्या मामांनी आणलेलं," वैजनाथ सर हसत म्हणाले. "आता कुठून आणलं, ते देव जाणे आणि मामा जाणे."

टेबलावर पिवळा पडलेला जाड कागद होता. त्यावर वाळवून टाचलेलं बोटभर रोप, आणि खाली चिठ्ठी : 'दवबिंदू. भैरोबाच्या डोंगराचा पायथा, ओढ्याकाठचा कातळ. सप्टेंबर १९९९. संग्राहक : प्रा. वैजनाथ सरोदे.'

कानिफनाथ चहाचा ट्रे घेऊन दारात उभा होता. नगरच्या त्या कॉलेजात, वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिपाई म्हणून त्याची एकतीस वर्षं गेली होती. शिपायांना मामा म्हणायची पद्धत, म्हणून तोही मामा. त्याचं गाव अकोले तालुक्यातलं, भैरोबाच्या डोंगराला टेकलेलं. दर पावसाळ्यात परीक्षेला लागणारी झाडं तो तिथूनच आणायचा, रद्दीत दाबून वाळवायचा, कागदावर दोऱ्याने टाके घालून बसवायचा. चिठ्ठीवर नाव सरांचं लागायचं. सर शिकलेले, त्यांचंच नाव शोभतं, असं त्याला अगदी मनापासून वाटायचं. आणि आज झाड सापडेना म्हटल्यावर आणणारा कोण, तर मामा!

पुण्याहून आलेल्या नीलांबरी मॅडम जुन्या नोंदी घेऊन गावोगाव फिरत होत्या. ऊन वाढलं, पावसाची चाल बदलली, तशी झाडं-पाखरं जुनी जागा सोडून थंडाव्याकडे, डोंगरावर सरकतायत, असं त्यांचं म्हणणं. मागच्या आठवड्यात त्या भैरोबाच्या पायथ्याला जाऊन आल्या होत्या. तिथे कातळ ठणठणीत कोरडा होता, आजूबाजूला घाणेरी माजली होती, आणि दवबिंदूचा मागमूस नव्हता.

"मामा, रागावू नका," त्या म्हणाल्या. "पण नोंदच चुकीची असेल, तर झाड सरकलं असं मला म्हणता यायचं नाही. इतक्या खाली ते खरंच होतं का?"

"हुतं का म्हंजे? या हातानं उपाटलंय, बाई. कातळावर पाय ठिवाय जागा न्हवती. पानापानावर थेंब, आन थेंबाला चिलटं चिकाटल्याली."

"वरून आणलं असेल आणि आम्हाला पायथा सांगितला असेल," सर मध्येच म्हणाले. "साधी माणसं, मॅडम. आपण नोंद संशयास्पद धरू."

ट्रे टेबलावर आदळला. चहा बशांमध्ये सांडला.

"सर, मामा म्हनता म्हनता चांगला मामा बनिवला की मला! खरं हुतं तवर नाव तुमचं, आन खोटं ठरलं की माजं? मंग समद्याच कागदांवर माजं लिवा. एकतीस वर्सांच्या!"

"मामा, बाहेर व्हा!"

"मामांचं पूर्ण नाव काय?" मॅडमनी विचारलं.

सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. त्यांना ते ठाऊक नव्हतं.

बाहेर व्हरांड्यात मॅडम त्याच्या मागे आल्या. "मी सोमवारपर्यंत आहे. पायथ्याचा तुमचा शब्द मला पटतो, पण झाड या डोंगरावरचंच, याला काहीतरी पुरावा हवा. त्याच डोंगरावर, वर कुठेही, एक रोप जरी मिळालं, तरी तुमची नोंद मी खरी धरीन."

शनिवारी तो एसटीने गावी गेला. मोठी बहीण बनुबाई शेळ्यांमागे जन्मभर तो डोंगर तुडवत आली होती. तिला घेऊनच तो निघाला. पायथ्याच्या कातळावर त्याने तळहात टेकला आणि चटकन मागे घेतला. भादव्यात कातळ तव्यासारखा तापलेला! पूर्वी इथे दिवाळीपर्यंत पाणी पाझरायचं. हल्ली पाऊस आला की चार दिवसांत ओतून मोकळा होतो आणि मग महिनाभर ऊन ओकतं. कानिफनाथला भयंकर राग आला. त्या कातळाने कुणाचं काय घोडं मारलं होतं? ज्यांनी हवा नासवली ते गार खोल्यांत बसून चर्चा करणार, आणि उद्या कागदावर लिहिणार की इथे काही नव्हतंच. मग जे नव्हतंच ते गेलं म्हणून कोण रडणार?

"समदी वर निगाल्यात, कानिफा," चढताना बनुबाई म्हणाली. "मोर बग, पार देवळापोतूर आल्यात. माज्या जल्मात यवढ्या वर मोर न्हवता. डासबी आलं."

निम्मा डोंगर झाला, काही नाही. कड्याखालच्या झऱ्यापाशी शेवाळसुद्धा करपलेलं. दुपार कलली तेव्हा ते माथ्यावर पोचले. भैरोबाच्या देवळामागे एक कपार आहे, तिथे दिवसभर सावली असते. कानिफनाथने गुडघे टेकले. ओल्या भेगेत तांबूस पानं होती, पानांवर चिकट थेंब. त्याने मोजली. सात.

त्याने खुरपं काढलं.

"उपाट की," बनुबाई म्हणाली. "तुजी अब्रू हाय ती."

त्याला बादल्या आठवल्या. दर परीक्षेनंतर पोरं टेबलावरची झाडं बादलीत टाकत, आणि संध्याकाळी तो बादली उकिरड्यावर नेऊन रिकामी करी. दवबिंदू वीस लागायचे, तो चाळीस आणायचा, कमी पडू नयेत म्हणून. सरांवरचा राग त्याच्या स्वतःवरच उलटला.

"म्याबी काय कमी न्हाई केलं, आक्का."

"मंग फोटू तरी काड."

"फोटू काडला की जागा दाव म्हनतील. जागा दावली की पुडच्या साली बस भरून पोरं येत्याली. सातच हायती. आन याच्यावर कुटं जाईल गं ते?"

बनुबाईने वर पाहिलं. डोंगर तिथेच संपत होता. खुरपं पिशवीत घालून तो उठला.

सोमवारी सर प्रयोगशाळेत वाटच पाहत होते. "मिळालं का, मामा?"

"हाय. कुटं ते सांगनार न्हाई."

"बघा मॅडम! म्हटलं नव्हतं?"

"मामा, जागा मी गुप्त ठेवीन," मॅडम कळवळून म्हणाल्या. "शब्द देते."

"तुमी ठिवाल, बाई. कागद ठिवंल का?"

मॅडमनी हातातली वही मिटली. त्या हळूच म्हणाल्या, "पुराव्याशिवाय मला लिहिता येत नाही, मामा."

"नका लिवू."

सरांनी लाल पेन काढलं. चिठ्ठीवर 'स्थळ संशयास्पद' असं लिहिलं, मग स्वतःच्या नावावर एक रेघ मारली. "सांगा, काय नाव तुमचं?"

"कानिफनाथ पुंजाराम वाकचौरे."

सरांनी लिहिलं. कानिफनाथने वाकून वाचलं.

"'चौ'ला दोन मात्रा, सर. तुमी येकच दिलीया."

सरांनी दुसरी मात्रा दिली. शाई वाळेपर्यंत कानिफनाथने कागद दोन्ही हातांत धरला, आणि मग कपाट उघडून त्याच्या जागी ठेवून दिला.