मयताचा घोडा

"घोडा कुठाय?" ट्रकमधून उतरता उतरता ओसमोननं विचारलं.

धाकट्या भावाचं तोंड बघायच्या आधी त्यानं हे विचारलं, आणि आम्हा किर्गीझांत तरी त्याला कोणी नावं ठेवणार नाही. माणूस गेला की घोडा कापायचा, आलेल्या-गेलेल्याला जेवू घालायचं आणि मगच माती द्यायची. नारीनच्या डोंगरातून सगळा भाऊबंद ट्रकमध्ये उभ्यानं आला होता. सोबत एक पिठाचं पोतं आणि एक मरतुकडी मेंढी. त्या वर्षी खेड्यात ह्याहून जास्त काही उरलंच नव्हतं.

आमच्या इमारतीपुढे, बर्फ खरवडून, जाड लोकरी नमद्याचा गोल तंबू उभारला होता. आत पडद्यामागे ओसमोनचा भाऊ बेइशेन निजला होता, कायमचा. आमच्या सर्कशीतल्या घोडेस्वारांचा म्होरक्या. मी त्याच सर्कशीत ढोल वाजवायचो आणि त्याच्या शेजारच्याच घरात राहायचो. त्याची बायको कालिपा तंबूच्या भिंतीकडे तोंड करून, डोक्याला काळा रुमाल बांधून, हेल काढून रडत होती. मयत उठेपर्यंत विधवेनं ती जागा सोडायची नसते.

ओसमोन बाहेरून नेमका तिच्यासमोर येऊन उकिडवा बसला. दोघांमध्ये फक्त नमदा.

"कालिपा, घोडा सोडून आणायला पाठवू का कुणाला?"

रडणं थांबलं. "मेंढी आणलीत ना, भाऊजी?"

"मेंढी बेवारशाच्या मयताला. माझा भाऊ काय मेंढीवर जायचा?"

"चब्दार खायचा घोडा नाही."

"का? सर्कशीचं मांस कडू लागतं?" मग त्याचा आवाज उतरला. "माझा होता तो गेल्या हिवाळ्यात आईच्या वेळी गेला गं. नाहीतर तुझ्यापुढे तोंड वेंगाडलं असतं का मी?"

खोटं बोलत नव्हता तो. आणि कालिपाचंही खोटं नव्हतं.

ती धनगराची मुलगी. सर्कशीसाठी किर्गीझ पोरं हवीत म्हणून शहरातली माणसं डोंगरात हिंडत होती, तेव्हा ती धावत्या घोड्यावरून वाकून जमिनीवरचा रुमाल उचलायची. तिला उचलून मॉस्कोच्या सर्कशीच्या शाळेत घातलं. खेड्यात सगळे हसले. जिथं पोर चालायच्या आधी घोड्यावर बसतं, तिथं ह्याचं कसलं कौतुक? सासरी तर ठरलेला विनोद होता: "घोड्यावर बसायचा पगार मिळतो म्हणे! मग चालायचा किती मिळतो?"

दोन घोड्यांवर एकेक पाय ठेवून ती रिंगणात उभी राहायची. पुढं एकदा पडली, खुबा मोडला, आणि उभं राहणं संपलं. मग उरलेलं आयुष्य तबेल्यात गेलं. घोडे ती शिकवायची आणि रिंगणात न्यायचा बेइशेन. जाहिरातीवर चित्र त्याचं, फुलं त्याला. तिला कधी कुरकुरताना मी ऐकलं नाही, पण माझं रक्त तापायचं, खरं सांगतो.

मग सोव्हिएत देशच मोडला. मॉस्कोहून येणारा दाणा बंद झाला आणि घोडे एकेक करून गेले, कुठे ते विचारायचं नाही. चब्दार तेवढा राहिला. सोनेरी अंगाचा, पांढऱ्या आयाळीचा. शेजारपाजारच्यांचे पावाचे तुकडे गोळा करून, बागेतलं गवत कापून तिनं तो जगवला. अल्मा-अताच्या सर्कशीतून निरोप होता: वसंतात घोडा घेऊन या, तुम्हालाही काम देतो. त्या निरोपावर ती दिवस काढत होती. घोडा गेला तर ती कोण? खुबा मोडलेली एक विधवा.

ओसमोननं दाढी कुरवाळली आणि जे बोलायला नको तेच बोलला. "लोक म्हणतील, बायकोनं घोडा राखला आणि नवरा भिकाऱ्यासारखा धाडला."

"न्या," ती म्हणाली. "लगाम ओढू नका. तोंडात जखम आहे त्याच्या." आणि पुन्हा हेल काढला.

चब्दारला इमारतीमागून आणलं. म्हाताऱ्यांनी ओंजळ पसरून दुवा म्हटली, तोंडावरून हात फिरवले. जवान गडी दोर घेऊन पुढे झाले. खेड्यातला घोडा दोर बघून समजतो. ह्याच्या अंगावर जन्मात दोर पडला नव्हता. तो उधळला, एकाच्या छातीत लाथ बसली, बर्फावर घसरून गुडघे फुटले. कुणीतरी चाबकाच्या दांड्यानं नाकावर मारलं. घोडा किंचाळला. बाल्कन्यांतून बायका ओरडायला लागल्या.

तंबूतलं रडणं बंद पडलं.

"अगं, जागा सोडू नकोस! प्रेत आहे घरात!" आतून कुणी म्हातारी ओरडली. तोवर कालिपा लंगडत बाहेर आली होती. पायात नुसते मोजे.

"दोर काढा."

"कालिपा, आत जा. हे बाईमाणसाचं..."

"भाऊजी, दोर काढा म्हणते ना! मारून कशाला पाडता? सांगितलं की निजतो तो."

दोर निघाले. तिनं चब्दारच्या पुढच्या पायाला गुडघ्याखाली एक बोट लावलं. तो थरथरत होता, तरी वाकला, बसला, कुशीवर कलंडला आणि मान बर्फावर टाकून डोळे मिटले.

मला ते नवीन नव्हतं. आमचा शेवटचा खेळ तोच. लढाईत पडलेल्या वीराशेजारी घोडाही प्राण सोडतो, मी ढोल थांबवतो, आणि मग एक टाळी.

ओसमोन तीस वर्षांत एकदाही सर्कशीला आला नव्हता. त्याचं तोंड उघडंच राहिलं. पोरासारखं हसू त्याच्या दाढीत पसरलं. मी "नको!" म्हणेपर्यंत त्यानं आनंदानं दोन्ही हात एकमेकांवर आपटले होते.

चब्दार उसळून उठला. आयाळ झटकली, फुटल्या गुडघ्यांवर तोल सावरला आणि सगळ्यांकडे बघत मान झुकवली.

ओसमोननं आपल्या हातांकडे पाहिलं. "बेइशेननं शिकवलं हे?"

"मी."

"तू?"

"सगळे मीच शिकवले, भाऊजी."

त्याचे डोळे भरले. त्या क्षणी तो 'राहू दे' म्हणाला असता. मला वाटलं, म्हणणारच. कालिपालाही वाटलं, तिनं श्वास धरलेला मी पाहिला. पण मागे सगळा भाऊबंद उभा होता, रस्त्यावर शोक करणाऱ्यांची नवी रांग लागली होती, आणि चुलीवर रिकामी कढई चढली होती.

"पुन्हा निजवशील का?" त्यानं खाली बघत विचारलं.

तिनं घोड्याच्या नाकावरचं रक्त डोक्यावरच्या रुमालाच्या टोकानं पुसलं.

"निजवते. पण आता कोणी टाळी वाजवू नका."

तिनं बोट लावलं. चब्दार पुन्हा वाकला, कलंडला, डोळे मिटून पडला. ती त्याच्या डोक्याशी बर्फात बसली आणि दोन्ही हात काखेत घट्ट दाबून धरले. आम्ही पुरुषांनीही हात खिशात घातले, वरच्या बाल्कन्यांतल्या बायकांनी शालींत. सुरीवाला पुढे आला. घोड्याचे डोळे मिटलेले होते, कान मात्र ताठ, टाळीच्या वाटेकडे लागलेले.