माठाशेजारची जेलीफिश

मी सिद्धोधन, पालमच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. चूक ऐकली की मला गप्प बसवत नाही. वटवाघळाला कुणी पक्षी म्हटलं, तर भर पंगतीत मी त्याला थांबवतो.

आमची लेक संघप्रिया रत्नागिरीला समुद्री जीवांचा अभ्यास करायची. दर रविवारी फोनवर आईला जेलीफिशची एखादी नवलाई सांगायची. अंगात जवळपास सगळं पाणीच. ना मेंदू, ना रक्त, ना काळीज. एका जातीला तर चोवीस डोळे.

"चोवीस डोळे अन् मेंदू न्हाई? तुझ्या आत्याचीच जात की गं!" चांगुणा म्हणायची आणि मायलेकी हसत सुटायच्या.

एक जात मात्र चांगुणाच्या मनात घर करून बसली. इजा झाली की ती मरायचं सोडून पुन्हा बाळ होते.

गेल्या पावसाळ्यात डेंग्यूनं पोरगी गेली. तिच्या सामानात एक काचेची बरणी आली, कुजू नये म्हणून औषधी पाण्यात बुडवलेली वाटीएवढी जेलीफिश. चांगुणानं विचारलं, "ही तीच का वो, परत बाळ होणारी?"

ती जात नखापेक्षाही लहान असते. ही साधी होती, आणि मेलेली होती. जन्मात पहिल्यांदा मी चूक दुरुस्त केली नाही. "हो," म्हणालो. त्या दिवशी ती चार घास जेवली.

विज्ञान दिनाला बरणी शाळेत न्यावी म्हणून काल कपाट उघडलं, तर जागा रिकामी. बरणी सापडली स्वयंपाकघरात, माठाशेजारी. पाणी गढूळ, जेलीफिशच्या चिंध्या झालेल्या. माझं डोकंच फिरलं. लेकीच्या हातची तेवढीच वस्तू उरली होती.

"काय केलंस हे?" मी ओरडलो.

"पाणी बदलायलेय," ती म्हणाली. "माठ मी रोज उपसते, अन् लेकीचं जनावर त्या शिळ्या, डोळ्याला झोंबणाऱ्या पाण्यात ठिवू व्हय? पंधरा दिवस झाले. समुद्र खारट असतोय म्हणून मूठभर मीठबी टाकलंय."

तिनं बरणी उजेडात धरली. आत पांढरे कण तरंगत होते.

"बघा की. पिल्लं व्हायलीत. लय बारकी हायत."

ती हसत होती. संघप्रिया गेल्यापासून तिला हसताना मी पाहिलं नव्हतं. सगळं विज्ञान माझ्या ओठांवर आलं होतं, आणि मला रडू फुटत होतं.

"पाणी रोज बदलू का दिवसाआड?" तिनं विचारलं.

"दिवसाआड," मी म्हणालो आणि मिठाचा डबा तिच्या हातात दिला.