हलू नका म्हणणारा खोका

मी एक कॅमेरा बोलतोय. लगेच दात दाखवू नका, मी तसला नाही. मला काच नाही, बटण नाही, बॅटरी नाही. चेरीच्या लाकडाचा एक खोका आणि त्याच्या छातीवर सुईच्या टोकाएवढं भोक, एवढीच माझी मालमत्ता. माझ्यासमोर हसायचं असेल तर तीन-चार मिनिटं हसत राहावं लागतं, आणि इतका वेळ खरं हसू कुणाला टिकवता आलेलं मी पाहिलं नाही.

माझा जन्म मिशिगनच्या पार वरच्या टोकाला झाला. इथल्या लोकांची आडनावं फिनलंडहून आलेली, आणि हिवाळा पाहुणा म्हणून येऊन घरजावई झालेला. आर्मास हा माझा बाप. शाळेत सुतारकाम शिकवून निवृत्त झालेला. 'हो', 'नाही' आणि 'बघू' या तीन शब्दांवर त्याने अख्खा संसार रेटला होता. बाकीचे सगळे शब्द त्याची बायको लेम्पी वापरायची, त्यामुळे घरात बोलण्याची टंचाई कधी जाणवली नाही.

खोका त्याने आठवड्याभरात केला. भोकाला मात्र वेळ लागला. पितळेच्या पातळ पत्र्यावर सुई टेकवून नुसता फुगवटा आणायचा, आरपार जायचं नाही. मग मागून तो फुगवटा बारीक पॉलिश पेपरवर घासत राहायचा. घासता घासता भोक आपोआप उघडतं. घाई केली की कडा फाटतात आणि फोटोची पार पेज होते. सुई लेम्पीच्या शिवणाच्या डब्यातली होती, न विचारता उचललेली.

"माझी बारीक सुई कुठे गेली?" लेम्पीने विचारलं.

"बघू," आर्मास म्हणाला, आणि सुई खिशात टाकली.

माझी फिल्म गुंडाळीची नसते. वहीच्या पानापेक्षा मोठा एकच ताव असतो, म्हणजे एका वेळी एकच फोटो. जिन्याखालच्या कोठडीत मिट्ट काळोख करून तो ताव चपट्या चौकटीत सरकवायचा. कोपऱ्यावरच्या खाचा बोटांनी चाचपून सुलटी बाजू ओळखायची. मग वरून उजेड अडवणारी पट्टी बसवायची, ती चौकट माझ्या पाठीत घालायची, बाहेर नेऊन तिपाईवर मला उभं करायचं, पट्टी ओढून काढायची, भोकावरचं झाकण उघडायचं आणि वाट बघायची. एवढं सगळं करून पट्टी ओढायला विसरणं हा या धंद्यातला नेहमीचा प्रसाद आहे. तो आर्मासनेही बऱ्याचदा खाल्ला.

मी सावकाश बघतो. त्यामुळे जो हलतो तो मला दिसतच नाही. समोरून मिरवणूक गेली तरी माझ्या फिल्मवर रिकामा रस्ता उमटतो. गावच्या शतकमहोत्सवात नगराध्यक्ष हातवारे करत तावातावाने बोलले. फोटोत आले ते फक्त त्यांचे बूट आणि पायाशी झोपलेलं कुत्रं. कुत्रं फार सुरेख आलं होतं.

पण या गावात माझ्यासाठी माणसं होती. हिवाळ्यात तळं गोठलं की गावातले पुरुष बर्फाला भोक पाडतात, त्यात गळ सोडतात, उपड्या बादलीवर बसतात आणि दिवसभर त्या भोकाकडे बघत राहतात. कुणी बोलत नाही, कुणी हलत नाही. मासा लागलाच तर जरा नाराज होतात. असली गुणी माणसं जगात दुसरीकडे असतील असं मला वाटत नाही. आर्मासने त्यांचे ढीगभर फोटो काढले.

आणि त्या प्रत्येक फोटोत लेम्पी होती. कॉफीचा थर्मास आणि वेलदोड्याचा पाव घेऊन ती एका बादलीकडून दुसऱ्या बादलीकडे फिरत असायची. कुणाचे मोजे ओले, कुणाची सून कशी, कुणी कालपासून जेवलं नाही, सगळी विचारपूस करायची. फिल्मवर तिचा ठिपकासुद्धा उमटत नसे.

मग गावच्या ग्रंथालयात त्या फोटोंचं प्रदर्शन लागलं. ग्रंथपालबाई मान तिरकी करून म्हणाल्या, "काय शांतता आहे हो यात!"

"शांतता कसली? मी अखंड बोलत होते," लेम्पी म्हणाली. "हे बघा, इथे ओनीच्या बादलीपाशी मी उभी आहे."

सगळे हसले. ओनी म्हणजे शेजारी, आर्मासचा मासेमारीतला जुना जोडीदार. तोच सगळ्यात मोठ्याने हसला. लेम्पीही हसली. पण घरी आल्यावर कोट न काढताच ती म्हणाली, "आर्मास, मला एक फोटो हवाय. आपल्या दोघांचा. मी दिसणारा. इतकी वर्षं तुझ्यासमोर वावरतेय आणि एका फोटोत नाही मी. उद्या कुणाला वाटेल, या माणसाला बायकोच नव्हती."

"बघू," आर्मास म्हणाला.

"बघू नाही. हो म्हण."

"हो."

एका ढगाळ दुपारी सौनाच्या, म्हणजे वाफेच्या अंघोळीच्या, खोलीबाहेरच्या बाकावर दोघं बसली. माझ्यासारख्या कॅमेऱ्याची ही एक सोय आहे. फोटो काढणाऱ्याने झाकण उघडून बिनघोर समोर जाऊन बसावं. येताना-जाताना तो उमटत नाही. आर्मास झाकण उघडून आला, बसला. लेम्पी अर्धं मिनिट गप्प राहिली, मग म्हणाली, "गळ्याचं बटण लाव, खोकला होईल." त्यानंतर तिला खूप काही आठवत गेलं.

कोठडीतून फिल्म धुऊन आल्यावर आर्मासने ती खिडकीशी धरली. लेम्पीला तीन तोंडं आली होती. ते अपेक्षितच होतं. पण त्याची नजर तिकडे नव्हती. गुडघ्यावर ठेवलेल्या त्याच्या उजव्या हाताच्या जागी नुसता धूर होता.

मला आश्चर्य वाटलं नाही. बरेच महिने काळोखात फिल्म चौकटीच्या कडेवर थडथड वाजायची, ती मी ऐकत होतो. आधी वाटलं, थंडीने. मग उन्हाळा आला, तरी ती वाजतच राहिली. एकदा फिल्म हातातून पडली तेव्हा तो काळोखात तसाच बराच वेळ बसून राहिला होता. उजेडात तो हात खिशात असायचा, किंवा कॉफीच्या कपाभोवती. लेम्पीला सांगणं म्हणजे चर्चला, पोस्टाला आणि वाण्याला सांगणं, हे त्याला ठाऊक होतं.

"कसा आलाय?" लेम्पीने दारातून विचारलं.

"तू हललीस," तो म्हणाला, आणि फिल्म कचऱ्यात टाकली.

माझ्या आयुष्यात इतकी सोयीची थाप मी दुसरी ऐकली नाही. कुणी शंकाच घेईना. ओनी म्हणाला, "लेम्पीबाई गप्प बसणार? त्या दिवशी तळ्याला उकळी फुटेल!" वाण्याच्या दुकानातही तेच. लेम्पी सगळ्यांबरोबर हसली आणि खरोखर मनाला लावून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून ती ओनीशेजारी उपडी बादली टाकून बसायला लागली. गळ वगैरे काही नाही, नुसतं बसायचं. ओनी मुद्दाम तिच्या शेजारणीची खोटी भानगड सांगायचा. लेम्पीचे ओठ पांढरे पडायचे, पण उघडायचे नाहीत.

"आर्मास, तुझ्या बायकोला झालंय तरी काय?" ओनीने घरी येऊन विचारलं. "मला भीती वाटायला लागलीय तिची. तिला सांग, बोल म्हणावं दोन शब्द."

"बघू," आर्मास म्हणाला. मला त्याचा फार राग आला. बाप असला म्हणून काय झालं.

महिन्याभराने एका रविवारी पुन्हा तोच बाक. लेम्पीच्या नाकावर बर्फाचा कण बसला, वितळला, ओघळला, तरी पापणी लवली नाही. झाकण लागल्यावर ती धापा टाकत म्हणाली, "झालं? जमलं मला?"

तासाभराने तो कोठडीतून बाहेर आला. तिच्याकडे न बघता म्हणाला, "हललीस."

"नाही हलले."

"थोडीशी."

"आर्मास, मी श्वाससुद्धा उधारीवर घेत होते. दाखव."

"ओली आहे."

"दाखव म्हणते ना!"

तिने दोरीवरची फिल्म स्वतःच उतरवली आणि खिडकीवर धरली. फिल्मवर पांढऱ्याचं काळं होतं, त्यामुळे तिचे पांढरे केस काळेभोर झाले होते. भुवया, गळ्यातल्या लोकरीच्या मफलरची वीण, हातमोज्यांची शिवण, सगळं दिसत होतं. आयुष्यात पहिल्यांदा ती अख्खी दिसली होती. तिने स्वतःकडे फार वेळ बघितलं नाही. तिचं बोट शेजारच्या माणसाच्या गुडघ्यावर जाऊन थांबलं.

"हे काय?"

"भोक खराब झालंय बहुतेक," आर्मास म्हणाला. "मोठं झालं असेल."

घ्या! बायकोवरचं खापर संपलं, आता माझ्यावर. मला तोंड असतं तर मी तिथल्या तिथे ओरडलो असतो.

"भोक माझ्या सुईचं आहे," लेम्पी म्हणाली. "मला काय माहीत नव्हतं वाटतं सुई कुणी नेली ते? फक्त तुझ्या हातापुरतं मोठं होतं का रे ते?"

त्याचा हात खिशात जायला निघाला, तो तिने मनगटाशी धरला. धरला तरी तिच्या मुठीत तो थरथरतच होता.

"कधीपासून?"

"उन्हाळ्याच्या आधीपासून."

"आणि मी हलते म्हणून सांगत होतास? मूर्ख माणसा, महिनाभर मी तोंड बंद ठेवलं. मला वाटलं माझ्यातच खोट आहे. माझा अख्खा हिवाळा गप्प बसण्यात घालवलास तू!"

"चूक झाली," तो म्हणाला. "भीती वाटली, लेम्पी."

इतकं खरं वाक्य त्याच्याकडून मी प्रथमच ऐकलं. लेम्पी रडली, मग त्याला शिव्या दिल्या, मग कॉफी ठेवली. मला दोघांचीही दया आली. अशा वेळी खोका असणं फार गैरसोयीचं असतं.

आठवड्याने डॉक्टरकडून आल्यावर तिनेच मला बाकासमोर मांडलं. झाकण तिने उघडलं, येऊन बसली, आणि त्याचा हात स्वतःच्या मांडीवर दोन्ही हातांत घेतला.

"घट्ट धर, म्हणजे हलणार नाही," तो पुटपुटला.

"कशाला? हलू दे."

तो फोटो ग्रंथालयात लागला. ग्रंथपालबाई हळहळल्या. "चेहरे किती छान आलेत! मधेच तेवढा ढग आलाय."

"तो ढग नाही, आमचे हात आहेत," लेम्पी म्हणाली. "तीन आहेत. मोजायला जाऊ नका, सापडायचे नाहीत."

आता आर्मासची बोटं खाचा चाचपू शकत नाहीत. कोठडीत लेम्पी येते. फिल्म उलटी घालते, दोनदा पाडते, आणि काळोखात मला अख्ख्या गावाच्या बातम्या सांगते. माझं लाकूड एका कोपऱ्यात उललं आहे, तिथे तिने काळी पट्टी चिकटवली आहे. आर्मासचं आता सगळं अंगच थरथरतं. आज सकाळी तिने मला त्याच्या खुर्चीसमोर उभं केलं तेव्हा तो म्हणाला, "कशाला फिल्म वाया घालवतेस? काही उमटणार नाही."

"तू बस रे नुसता. जेवढा उमटशील तेवढा पुरे मला," ती म्हणाली, झाकण उघडलं आणि त्याच्याशेजारी जाऊन बडबडायला लागली.

झाकण अजून उघडं आहे. आज फार वेळ उघडं ठेवायचं, असं तिने ठरवलेलं दिसतंय. तुम्ही खुशाल समोरून जा, माझ्या लेखी तुम्ही नसालच. फक्त या जुन्या तिपाईला धक्का तेवढा लावू नका. ती दोघं हलली तरी चालेल. मी हलून चालणार नाही.