तीन बारांचा मान

गणपतकाका माझा सख्खा चुलता. हट्टात त्याचा हात धरणारा आचऱ्याच्या आसपास कोणी नव्हता. भातात रानडुकरं उतरली की ठासणीची बंदूक घेऊन राखणीला बसायचा. वर्षानुवर्षं बार काढून डावा कान कामातून गेला होता. उरला उजवा. तेव्हापासून शेवंतीकाकी कायम त्याच्या उजव्या अंगाला बसायची, कारण बोलल्याशिवाय तिला अन्न पचत नसे.

दसऱ्याला देवाची पालखी निघताना तीन बार काढायचा मान आमच्या घराचा. साठ सालच्या दसऱ्याआधी काकीनं ठरवलं, हा कान काही जाऊ द्यायचा नाही. तिनं सावरीचा कापूस काकाच्या कानांत कोंबला आणि मागे उभी राहून त्याला हळूच शिव्या घातल्या.

"ह्या कापसातसून तुझी बडबड ऐकाक येता, मगे बार काय अडतलो?" काका म्हणाला.

मग तिनं मधाच्या पोळ्याचं मेण कापसात मळून बोळे केले. पुन्हा शिव्या घातल्या. काका गप्प. काकी खूश! पण बोळे काढल्यावर काका म्हणाला, "बरे आसत. पण देवासमोर कान बुजवून मी उभो रवूचंय नाय."

"देवाकच इचारूया," काकी म्हणाली.

आमच्याकडे सोयरिकीपासून विहिरीपर्यंत सगळं कौल लावून ठरतं, मग कानांनीच काय घोडं मारलंय? गुरवानं देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं. डावी पाकळी पडली. म्हणजे मेण चालणार नाही.

काकी तिथंच देवाशी भांडली. "तुका काय जाता? ह्येंचो कान गेलो तर मी बोलू कोणाशी? मगे बार दुसऱ्या कोणी काढले तर?"

उजवी पडली. म्हणजे चालेल. काकाचं तोंड एवढंसं झालं. ते बघून काकीचाच जीव कळवळला. तिनं घाईघाईनं विचारलं, "आणि मी माझ्या हातांनी ह्येंचे कान झाकले तर?"

पुन्हा उजवी. गुरव हसू दाबत होता.

दसऱ्याला अख्ख्या गावासमोर काकी काकाच्या मागे उभी राहिली, तळवे त्याच्या कानांवर घट्ट. बायका पदराआड हसल्या. पहिला बार झाला. काका ऐटीत मागे वळला आणि त्याची ऐट तिथंच उतरली. काकीनं डोळे गच्च मिटले होते. तिचे दोन्ही हात त्याच्या कानांवर, तिच्या कानांवर कोणाचेच नव्हते. आमच्यापैकी एकालाही हे सुचलं नव्हतं, देवालासुद्धा नाही.

"ऐकाक येता मां गो?" काकानं विचारलं.

"येता, येता," ती म्हणाली, पण जरा उशिरानं.

काकानं बंदूक शेजारच्या गुरुदासच्या हातात दिली. "उरलेले दोन तू काढ."

"अरे, मान तुमच्या घराचो!"

"रवांदे तो मान. हिच्या कानांपरास मोठो नाय."

तो तिला हाताला धरून पार पिंपळापर्यंत घेऊन गेला आणि तिच्या कानांवर आपले तळवे ठेवले. काकीनंही हात उचलून त्याचे कान झाकले. दोन्ही बार होईपर्यंत ती दोघं तशीच समोरासमोर उभी होती, आणि पालखी बाजूनं निघून गेली तरी त्यांना कळलं नाही.