पेढ्याचा प्रसाद आणि मी

मित्रांनो, आगीचा शोध लागला आणि माणूस सुधारला, असं तुमच्या पुस्तकात लिहिलेलं असेल. ते अर्धंच खरं आहे. आगीमुळे माणूस फक्त जेवायला लागला. आजचं उद्यासाठी राखून ठेवावं हे त्याला थंडाव्याने शिकवलं, आणि संस्कृती तिथून सुरू झाली. त्या संस्कृतीचा एक आधारस्तंभ आज तुमच्यापुढे उभा आहे.

मी एक जुना फ्रीज आहे. उभा म्हणजे तसा कललेला आहे, डाव्या पायाखाली विटेचा तुकडा आहे. माझ्या पोटात या क्षणी कालचं वरण, ताकाचं पातेलं, कढीपत्त्याची जुडी आणि दाराच्या कप्प्यात एक अर्धं लिंबू आहे. ते लिंबू कोणी ठेवलं हे घरात कोणालाच आठवत नाही. मला आठवतं, पण मला विचारतो कोण?

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही, कारण तेव्हा मी चालू नव्हतो. परभणीच्या दुकानातून टेंपोत बसून मी सेलूला आलो. माझे मालक शिवरुद्रअप्पा, कापसाचे आडते. त्यांनी मला बैठकीत मांडलं. मी लालभडक होतो. माझ्या डोक्यावर विणलेला रुमाल आणि त्यावर प्लास्टिकची फुलं होती. गल्लीतली माणसं गार पाणी प्यायला यायची आणि पाण्याबरोबर माझीही तारीफ करायची. मुलं माझं दार हळूच उघडून, मिटून आतला दिवा विझतो का ते बघायची. विझतो, मित्रांनो. मी स्वतः पाहिलं आहे.

पुढे बैठकीत टीव्ही आला आणि माझी बदली स्वयंपाकघरात झाली. रुमाल गेला, डोक्यावर लोणच्याची बरणी आली. त्याचं मला वाईट वाटलं नाही, कारण घरातलं खरं राजकारण स्वयंपाकघरातच चालतं.

माझ्या दाराला कुलूप आहे. त्या काळी असायचं. आधी त्याची किल्ली कोणी वापरत नव्हतं. अप्पांना साखर निघाली आणि ती किल्ली त्यांच्या पत्नी महादेवीबाईंच्या कमरेला गेली. आडत्याच्या घरी पेढ्यांचे डबे येतच राहतात. कोणाचं दुकान उघडतं, कोणाचा नातू पास होतो. आलेला डबा महादेवीबाई माझ्या पोटात ठेवायच्या आणि कुलूप लावायच्या.

पण अप्पांनी उभी हयात बाजारात काढली होती. त्यांनी वाट शोधली.

अप्पा रोज आंघोळ झाली की कपाळाला विभूती लावून, गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजा करतात. खायची प्रत्येक वस्तू आधी लिंगाला दाखवायची आणि मगच तोंडात घालायची, हा त्यांचा लहानपणापासूनचा नेम. पूजेला बसले की ते हाक मारायचे, "निवदाला काय हाय?" देवाच्या कामाला महादेवीबाई नाही कशा म्हणणार? त्या कुलूप काढून एक पेढा द्यायच्या.

"अहो, साखर हाय तुमाला," एकदा त्या म्हणाल्या.

"पेढा व्हता तवर साखर व्हती," अप्पा शांतपणे म्हणाले. "आता प्रसाद झाला. प्रसादाचा काय रिपोर्ट निघतो व्हय? आन् प्रसादाला नको म्हणायचं न्हाई, नाव ठिवायचं न्हाई, टाकायचं तर न्हाईच न्हाई. आपल्या घरची रीत हाय."

ही रीत अप्पांनी इतक्या भक्तीने पाळली की त्यांची साखर गगनाला भिडली.

इथवर सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग अप्पांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला. कापूस बघायची त्यांची पद्धत अशी: चिमूटभर कापूस घ्यायचा, दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायचा आणि धागा उजेडात धरून बघायचा. सेलूच्या बाजारात त्यांच्या त्या चिमटीला मान होता. गेल्या हंगामात त्यांनी असाच एक कापूस ओढला, उजेडात धरला आणि म्हणाले, "वा, काय पांढरा हाय." त्यात वाळक्या पानांचा चुरा भरलेला होता. कोणी हसलं नाही. सगळे गप्प राहिले, आणि अप्पांना तेच लागलं. घरी येऊन त्यांनी माझ्यातलं पाणी मागून घेतलं आणि ते ग्लास हातात धरून उभेच राहिले.

परभणीच्या डॉक्टरांनी सांगितलं, साखर उतरल्याशिवाय ऑपरेशन होणार नाही. अप्पा दोनदा गेले आणि दोनदा तसेच परत आले.

"येत्या दसऱ्याला बाजार सुरू व्हईल तवा मला कापूस दिसला पायजे," ते सुनेला म्हणाले. "न्हाई तर मी आडतीवर कशाला जाऊ? गादी गरम करायला?"

सून म्हणजे त्रिवेणी, त्यांच्या मुलाची, राजशेखरची बायको. तिला सासऱ्यांची फिकर होती आणि सासऱ्यांच्या जिभेची पूर्ण कल्पना होती. गोड सोडा म्हटलं तर ते सोडणार नव्हते. मग गोडाच्या जागी ठेवायला तिने मोबाईलवर एक वस्तू शोधून काढली. चॉकलेट. भट्टी नको, शिजवणं नको, साखर नको, पीठ नको. नुसतं कालवायचं आणि फ्रीजमध्ये ठेवायचं.

फ्रीजमध्ये, मित्रांनो. इतक्या वर्षांनी कोणीतरी माझं नाव पाककृतीत घेतलं.

राजशेखर परभणीहून कोकोची पावडर, खायचं खोबरेल आणि साखरेऐवजी घालायच्या गोड पावडरीचं एक पाकीट घेऊन आला. वैशाख होता. आमच्याकडे वैशाखात खोबरेल पातळ करायला गॅस लागत नाही, ते बाटलीत आपोआप विरघळून बसलेलं असतं. त्रिवेणीने ते परातीत ओतलं. महादेवीबाई भाजी निवडत होत्या.

"डोक्याचं तेल पोटात घालायलीस का?"

"खायचं येगळं असतंय, आत्याबाई."

"बाटली तर तसलीच दिसायलीय. उद्या मामाजींच्या पोटात केसं उगवायचे."

त्रिवेणीने हसून तेलात कोको कालवला. मग शेंगदाणे भाजून, सालं पाखडून केलेलं जाडसर कूट, थोडं भाजलेलं जवस, किसलेलं सुकं खोबरं आणि चिमूटभर मीठ घातलं. वास असा सुटला की माझं दार आपोआप उघडेल की काय असं मला वाटलं. तो लगदा तिने बर्फाच्या दोन ट्रेंमध्ये ओतला. ॲल्युमिनियमचे हे ट्रे माझ्याबरोबरच आलेले आहेत, आम्ही जन्माचे सोबती. ओतता ओतता तिचं बोट सवयीने तोंडाकडे गेलं आणि सवयीनेच परत फिरलं. दुसऱ्या दिवशी बसवजयंती होती, नैवेद्य त्याचाच दाखवायचा होता. आणि नैवेद्याची वस्तू आधी चाखायची नाही हीसुद्धा आपल्या घरची रीत.

त्रिवेणीने ट्रे माझ्या बर्फाच्या कप्प्यात सरकवले आणि दार लावलं. दिवा विझला.

आणि मला जाणवलं की उन्हाने खराब होऊ नये म्हणून ठेवलेलं गोड पावडरीचं पाकीट माझ्या दारातच उभं आहे. अर्ध्या लिंबाच्या शेजारी, न फोडलेलं.

मी काय करू शकत होतो? मी घरघर केली. मी रोजच घरघर करतो. कोणी लक्ष दिलं नाही. वरून दुपारी वीज गेली ती दिवेलागणीपर्यंत आली नाही. मी दार घट्ट धरून, होता नव्हता तो गारवा त्या दोन ट्रेंभोवती गोळा करून बसून राहिलो. चॉकलेट मात्र छान घट्ट झालं. माझ्या बाजूने कसूर नव्हती.

बसवजयंतीच्या सकाळी अप्पा पूजेला बसले. महादेवीबाईंनी एक वडी ताटलीत ठेवली. अप्पांनी ती हाताने चाचपली.

"एकच? दोन्ही ट्रे आना."

"दोन्ही कशाला?"

"देवाला मोजून द्यायचं का?"

खरी गोष्ट अशी की एकेक वडी दाखवली असती तर एकेकीसाठी किल्ली मागावी लागली असती. अप्पांनी ठोक व्यवहार केला. दोन्ही ट्रे लिंगाला दाखवले, सगळाच्या सगळा माल प्रसाद झाला. मग त्यांनी एक वडी उचलून तोंडात घातली.

स्वयंपाकघराच्या दारातून मला त्यांचा चेहरा दिसत होता. त्यावर आधी विजय आला. मग थोडी शंका आली. मग वजनकाटा बिघडलाय असं कळल्यावर आडत्याच्या चेहऱ्यावर येतं ते आलं.

"कसंय, मामाजी?" त्रिवेणीने विचारलं.

अप्पा बराच वेळ चावत राहिले. "उंची हाय," ते म्हणाले.

"गोड हाय का?" महादेवीबाईंनी विचारलं.

"प्रसादाला नाव ठिवू न्हाई." आणि त्यांनी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

त्रिवेणी ट्रे परत ठेवायला आली. तिने दार उघडलं, पाकीट पाहिलं आणि तिचा हात माझ्यापेक्षा गार पडला.

"आत्याबाई, पावडर टाकायचीच राहिली की हो. कडू झालं असंल सगळं. मी सांगते त्यांना."

महादेवीबाईंनी बैठकीकडे पाहिलं. अप्पा दुसरा तांब्या पीत होते. त्या कितीतरी वर्षांत हसल्या नव्हत्या तशा, आवाज न करता हसल्या.

"गप ऱ्हा," त्या म्हणाल्या. त्यांनी ते पाकीट लिंबाच्या मागे सरकवलं आणि कुलूप लावून किल्ली कमरेला खोचली.

चार दिवसांनी एका व्यापाऱ्याकडून पेढ्यांचा डबा आला. अप्पा तो घेऊन थेट पूजेला निघाले. महादेवीबाई आडव्या आल्या.

"आदीचा प्रसाद हाय की घरात. त्यो तसाच ठिवायचा आन् दुसरा निवद दाखवायचा? तुमीच सांगा. रीत तुमाला कळती, आमाला काय कळतं."

अप्पांनी डबा खाली ठेवला. बाजारात मोठमोठे व्यापारी ज्यांच्याशी बोलताना जपून बोलायचे, त्या माणसाला स्वतःच्याच वाक्याने बांधून घातलं होतं. पेढे आडतीवरच्या हमालांनी खाल्ले.

मग रोज दुपारच्या जेवणानंतर एक कडू वडी, हा नेम सुरू झाला. पहिले काही दिवस अप्पा औषधासारखी गिळायचे. मग चावायला लागले. मग एक दिवस डोळे मिटून म्हणाले, "शेंगदाना चांगला भाजलाय गं." एकदा राजशेखरने तुकडा तोडून चाखला आणि म्हणाला, "अप्पा, लय कडू हाय हो."

"कडू न्हाई," अप्पा म्हणाले. "गंभीर हाय."

आषाढ लागता लागता ट्रे रिकामे झाले. त्रिवेणीने चाचरत विचारलं, "आनखी करू का? या खेपेला जरा..."

"हाय तसंच कर. त्यात ढवळाढवळ नको."

वडीने साखर उतरली असं मी म्हणणार नाही. मी फ्रीज आहे, डॉक्टर नाही. गोळ्या वेळेवर होत होत्या, सकाळी स्टेशनपर्यंत चालणं होत होतं, आणि मुख्य म्हणजे पेढा बंद झाला होता. त्याच्या जागेवर वडी बसली होती, एवढंच. पण उतरली खरी. श्रावणात आधी एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग दुसऱ्याचं. अप्पा काळा चष्मा लावून घरी आले. डोळ्यांत थेंब टाकायचं काम त्रिवेणीने केलं, आणि ते थेंब गार राहण्याचं काम माझ्याकडे आलं. इतक्या मानाचं काम मला बैठकीतसुद्धा मिळालं नव्हतं.

पेढ्यांचे डबे आता आडतीवरूनच वाटले जातात, त्यामुळे महादेवीबाईंनी कुलूप लावणं कधीच सोडून दिलं होतं. एका दुपारी चष्मा काढून अप्पा माझ्यापुढे उभे राहिले.

"लाल हायस व्हय," ते म्हणाले. "मी समजायलो काळा पडलास." त्यांनी माझ्या गंजावरून बोट फिरवलं. मग दार उघडलं. दिवा लागला. त्यांनी वरण पाहिलं, ताक पाहिलं, लिंबू पाहिलं. लिंबामागे हात घालून पाकीट काढलं. ते उजेडाकडे धरून, एकेक अक्षर जुळवत त्यांनी वाचलं. साखरेऐवजी वापरण्याची गोड पावडर. सगळं वाचून झाल्यावर पाकीट उलटं करून पाहिलं. कुठेही फोडलेलं नव्हतं.

मागे महादेवीबाई भेंडी चिरत होत्या. विळीचा आवाज थांबला. त्रिवेणी पोळी लाटता लाटता थांबली.

"काय दिसलं?" महादेवीबाईंनी विचारलं.

अप्पांनी पाकीट होतं तसं लिंबाच्या मागे ठेवलं. नीट, कडेला कड लावून.

"समदंच दिसायलंय आता," ते म्हणाले. "त्रिवेणी, प्रसाद दे."

विळी पुन्हा चालू झाली.

दसऱ्यानंतर बाजार सुरू झाला. पहिल्याच दिवशी अप्पांनी चिमूट ओढली, धागा उजेडात धरला आणि म्हणाले, "पान लय हाय. भाव उतरव." राजशेखरने हे घरी येऊन जेवताना दोनदा सांगितलं. त्याच जेवणावर त्याने दोन दारांच्या नव्या फ्रीजची गोष्ट काढली, जुना देऊन टाकू म्हणाला. अप्पांनी ताटातून मान वर केली नाही. "ह्याच्यात प्रसाद असतोय," एवढंच म्हणाले. विषय तिथेच मिटला.

मित्रांनो, मी कृतज्ञ आहे. ज्या हातांनी माझं दार रोज पुसलं त्या महादेवीबाईंचा. ज्या हातांनी माझ्यावर भरवसा टाकून ते ट्रे आत ठेवले त्या त्रिवेणीचा. ज्या डोळ्यांना मी लाल दिसलो त्या अप्पांचा. जुन्या वस्तूंना टाकू नका. त्यांच्या अंगावरचा गंज पुसा, दार हळू लावा, पाठीवरची धूळ झाडा. त्या बोलत नाहीत, पण तुमचं अन्न आणि तुमची गुपितं दोन्ही सांभाळतात. माझ्याकडून तुम्हाला हाच संदेश आहे.

आणि कोणी स्वयंपाकघरात येणारच असाल, तर ते अर्धं लिंबू तेवढं काढा.